ऑलिव्हर टॅम्बो: ज्यांचा आवाज ऐकणं हा गुन्हा होता

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ नोकरीसाठी जोहान्सबर्गला निघाला. मावशीला झोप येईना, म्हणून तिच्यासाठी मी रात्रभर फ्लाइट ट्रॅकिंगचं अ‍ॅप उघडून बसले होते. सकाळी विमान उतरलं आणि स्क्रीनवर विमानतळाचं नाव आलं: ओ. आर. टॅम्बो इंटरनॅशनल. क्रिकेट दौऱ्याच्या बातम्यांत हे नाव मी आधीही वाचलं होतं, पण हा माणूस कोण ते कधी शोधलं नव्हतं. मंडेलांच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या विमानतळाला मंडेलांचं नाव का नाही? या एका प्रश्नावरून वाचायला लागले आणि पोचले शॉर्टवेव्ह रेडिओ, सार्वजनिक फोनबूथ आणि फ्लॉपी डिस्कपर्यंत.

आपण इथे नेहमी नवे फोन, नवी अ‍ॅप्स यांबद्दल बोलतो. आज एका माणसाबद्दल बोलूया. हा माणूस ३० वर्षं स्वतःच्या देशाबाहेर राहिला. देशात त्यांचं एक वाक्य छापणंही बेकायदा होतं. तरीही त्यांचा आवाज रात्री लोकांच्या घरात पोचत होता. कसा, ते समजून घेतलं की रेडिओ लहरी आणि एन्क्रिप्शन या दोन्ही गोष्टी आपोआप समजतात.

आधी मास्तर, मग वकील

ऑलिव्हर टॅम्बो यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१७ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या पोंडोलँड भागात, न्कान्टोलो नावाच्या खेड्यात झाला. पहिलं महायुद्ध चालू होतं. वडिलांनी मुलाचं नाव ठेवलं कैझाना, जर्मनीच्या कैसरवरून. कैसर इंग्रजांशी लढतोय, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. पुढे मिशनच्या शाळेत इंग्रजी नाव लागायचं, तेव्हा ‘ऑलिव्हर’ झालं.

मुलगा हुशार होता. फोर्ट हेअर या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीच्या कॉलेजातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. पुढचं शिक्षण चालू असताना विद्यार्थ्यांच्या आंदोलनात पुढे राहिले म्हणून कॉलेजनं काढून टाकलं. मग जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्स या आपल्याच जुन्या शाळेत ते गणित आणि विज्ञान शिकवायला लागले. गाण्याची आवड होती, चर्चमधल्या समूहगायनात ते रमायचे. आणि लहानपणापासून दमा होता. आयुष्यभर आवाजावर ज्यांचं काम चाललं, त्या माणसाला श्वासाचा त्रास होता, हे लक्षात ठेवा.

१९४४ मध्ये नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू आणि इतर तरुणांबरोबर त्यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची, म्हणजे एएनसीची, युवा शाखा सुरू केली. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारचं अधिकृत धोरण झालं. कुणी कुठं राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं कातडीच्या रंगावरून ठरायला लागलं. कृष्णवर्णीय माणसाला आपल्याच देशातल्या शहरात फिरायला खिशात पास ठेवावा लागे. टॅम्बो तोपर्यंत वकिलीकडे वळले होते. १९५२ मध्ये ‘मंडेला अँड टॅम्बो’ असं पितळी पाटीवर नाव लावून दोघांनी जोहान्सबर्गला ऑफिस उघडलं. पासवरून पकडलेले, घरातून हुसकावलेले लोक जिन्यापर्यंत रांग लावून बसायचे.

दोघांत फरक होता. मंडेला उंचेपुरे, सभा जिंकणारे. टॅम्बो शांत, धार्मिक, समोरच्याचं पूर्ण ऐकून मगच बोलणारे. एका टप्प्यावर तर त्यांचा पाद्री व्हायचा विचार पक्का होत आला होता. झालं वेगळंच.

मार्च १९६०: गाडी सीमेपलीकडे गेली

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल इथे पासच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसं मेली. आता संघटनेवर बंदी येणार हे दिसत होतं. बंदी आलीच तर बाहेरून काम चालवायला कुणीतरी देशाबाहेर असावं, असं एएनसीनं आधीच ठरवलं होतं आणि ती जबाबदारी टॅम्बोंवर होती. २७ मार्चला रोनाल्ड सेगल या पत्रकार मित्राच्या गाडीतून ते निघाले आणि सीमा ओलांडून बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोत्स्वानात, गेले. ८ एप्रिलला एएनसीवर बंदी आली.

इथे आपल्या देशाचा एक खरा संबंध आहे. टॅम्बोंकडे पासपोर्ट नव्हता. तिथून पुढे दार-ए-सलामला जाता यावं म्हणून भारत सरकारनं त्यांच्यासाठी प्रवासाची कागदपत्रं दिली. ती मिळवण्याच्या खटपटीत फ्रीन गिनवाला ही दक्षिण आफ्रिकेतली तरुण पारशी मुलगी होती. हीच पुढे स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेच्या संसदेची पहिली स्पीकर झाली.

पत्नी अ‍ॅडलेड आणि मुलं लंडनला राहिली. अ‍ॅडलेड नर्सची नोकरी करून घर चालवायच्या. टॅम्बो मात्र टांझानिया, झांबिया आणि जगभरच्या राजधान्यांत फिरत राहिले. काही दिवसांसाठी म्हणून निघालेला माणूस ३० वर्षं परत येऊ शकला नाही.

घरातून प्रसारण केलं तर काय होतं?

मागे देशात काय चाललं होतं? २६ जून १९६३ रोजी जोहान्सबर्गमध्ये लपवलेल्या एका छोट्या ट्रान्समीटरवरून भूमिगत वॉल्टर सिसुलूंचा आवाज हवेत गेला. ‘रेडिओ फ्रीडम’चं हे पहिलं प्रसारण. दोन-तीन आठवड्यांत, ११ जुलैला, पोलिसांनी रिव्होनिया भागातल्या लिलीजलीफ फार्मवर धाड टाकली आणि सिसुलूंसह बरेच नेते सापडले. मंडेला आधीच तुरुंगात होते. १९६४ मध्ये जन्मठेपा झाल्या. देशातला एएनसीचा आवाज संपला.

ही धाड ट्रान्समीटरमुळे पडली असं मी म्हणत नाही. पण देशात बसून प्रसारण करण्याची एक मूळ अडचण आहे. ट्रान्समीटर चालू केला की तो स्वतःचा पत्ता हवेत ओरडून सांगत असतो. पोलिसांना दिशा दाखवणारी अँटेना लागते. दोन वेगळ्या ठिकाणांहून सिग्नल कुठल्या दिशेनं येतोय ते मोजायचं, नकाशावर दोन रेघा मारायच्या. रेघा जिथं एकमेकींना छेदतील तिथं ट्रान्समीटर. मुंबईत १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांचे साथीदार काँग्रेस रेडिओ चालवताना सारखी जागा बदलत होते ते यासाठीच, आणि तरी तीन महिन्यांत ते पकडले गेले.

मग उपाय एकच. ट्रान्समीटर पोलिसांचा हात पोचणार नाही तिथं, म्हणजे दुसऱ्या देशात ठेवायचा. पण मग आवाज हजार-दोन हजार किलोमीटर जाणार कसा?

शॉर्टवेव्ह: आकाशाला टप्पा घेणारी लहर

हा प्रयोग घरी करता येतो. तुमच्या फोनमध्ये एफएम असेल तर ते उघडा. ते म्हणेल, वायरवाला इयरफोन लावा. का? कारण तीच वायर अँटेना असते. एफएमची फ्रिक्वेन्सी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला ३ मीटर. तिच्या चौथ्या भागाएवढी वायर चांगलं काम करते. पाऊण मीटर. साधारण इयरफोनच्या वायरीएवढी.

एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की खरखर. घाटात गाडी शिरली की गाणं तुटतं, हा अनुभव सगळ्यांना आहे. वर गेलेल्या लहरी थेट अवकाशात निघून जातात. म्हणून एका एफएम टॉवरचा पल्ला काही दहा किलोमीटर, फार तर शंभराच्या आसपास.

शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ. आपल्या डोक्यावर साधारण शंभर ते काही शे किलोमीटर उंचीवर आयनोस्फियर नावाचा थर आहे. सूर्यप्रकाशामुळे तिथल्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. शॉर्टवेव्हची लहर तिथं पोचली की वाकते आणि परत जमिनीकडे येते. कॅरम खेळताना सोंगटी कडेला आपटून भोकात घालतो ना, तसंच. एका टप्प्यात हजार-दोन हजार किलोमीटर आरामात. मधले डोंगर, सीमा, चेकपोस्ट सगळं खाली राहतं.

झांबियाची राजधानी लुसाका ते जोहान्सबर्ग हे अंतर सुमारे १२०० किलोमीटर. साधारण मुंबई ते दिल्ली. एफएमला अशक्य, शॉर्टवेव्हला सोपं.

तोटेही आहेत. आवाज लाटांसारखा मोठा-बारीक होतो. दिवसा एक फ्रिक्वेन्सी चालते, रात्री दुसरी. आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर कुणी मुद्दाम गोंगाट सोडला तर सगळं बुडतं.

सरकारचं उत्तर: चांगल्या आवाजाचा रेडिओ

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते या भागानं.

दक्षिण आफ्रिकेत टीव्ही सुरू झाला तो थेट १९७६ मध्ये. त्याआधी घराघरात फक्त रेडिओ. आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सरकारी प्रसारण संस्थेनं देशभर एफएमचं जाळं उभारायला घेतलं. जोहान्सबर्गच्या ब्रिक्स्टन भागात उंच टॉवर उभा राहिला. झुलू, खोसा, सोथो अशा भाषांत ‘रेडिओ बांटू’चे कार्यक्रम सुरू झाले. आवाज स्वच्छ, गाणी भरपूर, नाटकं भरपूर. एफएमपुरतेच चालणारे रेडिओ संच बाजारात आले.

तंत्र म्हणून बघितलं तर ही प्रगतीच. जगात एवढं मोठं एफएम जाळं तेव्हा फार थोड्या देशांकडे होतं. पण एफएमच्या संचावर परदेशी शॉर्टवेव्ह स्टेशन लागत नाही. लोकांना शॉर्टवेव्हपासून दूर नेणं हाही त्यामागचा एक हेतू होता, असं अनेक अभ्यासक मानतात. शॉर्टवेव्ह ऐकायला बंदी घालून जेवढं साधलं नसतं, तेवढं जास्त चांगला आवाज देऊन साधायचं.

फोन घेताना आपण कॅमेरा, बॅटरी, रॅम बघतो. त्यात काय काढून टाकलंय ते बघत नाही. मीही बघत नाही. माझ्या आत्ताच्या फोनला इयरफोनचं भोकच नाही आणि एफएमही नाही, हे मला हा लेख लिहिताना कळलं.

रेडिओ फ्रीडम

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टांझानियानं आपल्या सरकारी रेडिओवर एएनसीला वेळ दिला. नंतर झांबिया, अंगोला, मादागास्कर आणि इथिओपिया. दार-ए-सलाम, लुसाका, लुआंडा, अंतानानारिव्हो, अदिस अबाबा अशा पाच राजधान्या. एएनसीचं स्वतःचं स्टेशन असं नव्हतंच. त्या त्या देशाच्या ट्रान्समीटरवर संध्याकाळी-रात्री ठरलेला थोडा वेळ, तेवढंच. यजमान देशाचं धोरण बदललं तर तेही बंद. त्यामुळे पाच ठिकाणं असणं हा एक प्रकारचा बॅकअप होता. पुढे नेदरलँड्समधल्या समर्थकांनी स्टुडिओची यंत्रं दिली, मुलांना प्रशिक्षण दिलं.

कार्यक्रम सुरू व्हायचा मशीनगनच्या आवाजानं. मग घोषणा, बातम्या, भाष्य, गाणी. इंग्रजीबरोबर आफ्रिकन भाषांतही. दक्षिण आफ्रिकेत हे ऐकताना सापडलं तर तुरुंग होता, आणि तोही काही दिवसांचा नाही. लोक आवाज अगदी बारीक करून, रेडिओला कान लावून ऐकायचे. काही जण कॅसेटवर रेकॉर्ड करून पुढे द्यायचे. म्हणजे आपलं फॉरवर्डच. फरक एवढाच की या फॉरवर्डसाठी माणूस आत जायचा.

१९६७ मध्ये एएनसीचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली वारले आणि संघटनेची धुरा टॅम्बोंकडे आली. मंडेला, सिसुलू रॉबेन बेटावरच्या तुरुंगात. पाहायला गेलं तर टॅम्बोंच्या हातात काय होतं? विखुरलेले कार्यकर्ते, उधारीची ऑफिसं आणि उधारीचा ट्रान्समीटर. ८ जानेवारी हा एएनसीचा स्थापना दिवस. दर वर्षी त्या दिवशी टॅम्बोंचं निवेदन रेडिओवरून जायला लागलं. वर्षभर काय करायचं, ते देशातले लोक त्यावरून ठरवत. दम्याचा त्रास असलेला, मास्तरांसारखा शांत, मोजका बोलणारा तो आवाज. अनेक तरुणांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता, कारण फोटोही सहज मिळत नसे.

वर्तमानपत्रांत तर त्यांचं वाक्यसुद्धा छापता येत नव्हतं. सरकारच्या यादीतल्या माणसाचं बोलणं उद्धृत करणं हा गुन्हा होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये ‘केप टाइम्स’चे संपादक टोनी हर्ड यांनी लंडनला जाऊन टॅम्बोंची पूर्ण मुलाखत घेतली आणि छापली. त्यांच्यावर खटला भरला गेला. पण वाचकांना पहिल्यांदा दिसलं, की सरकार ज्याला राक्षस म्हणतं तो माणूस बोलतो तरी कसा.

बोलणं पोचलं, ऐकणं राहून गेलं

रेडिओ एकाच बाजूनं चालतो. लुसाकाहून बोललेलं सोवेटोत ऐकू यायचं. पण सोवेटोतलं लुसाकात ऐकू येत नव्हतं.

टॅम्बोंसारख्या माणसाला याची बोच जास्त असणार, असं मला वाटतं. सगळ्यांचं ऐकून मग निर्णय करायचा ही त्यांची पद्धत. आणि परिणाम तर जीवघेणे होते. १९८५ च्या जानेवारीत निवेदनातून वर्णभेदी सरकारला राज्य करणं अशक्य करून टाका, अशी हाक गेली. वस्त्या आधीच पेटलेल्या होत्या. बहिष्कार, संप, मोर्चे झाले आणि जुलैत आणीबाणी आली. पण काही ठिकाणी संतापाला भयंकर वळण लागलं. खबऱ्या असल्याच्या संशयावरून माणसांच्या गळ्यात पेटते टायर घातले गेले. दूर बसलेलं नेतृत्व हाक देऊ शकत होतं. तिचं गल्लीत काय होतंय, हे त्यांना निरोप्यांकडून कळायला आठवडे लागायचे. या प्रकाराचा पुरेसा लवकर आणि स्पष्ट निषेध केला नाही, ही टीका एएनसीवर झाली आणि ती खोटी नाही.

संघटनेच्या आतही हेच झालं. १९८४ मध्ये अंगोलातल्या छावण्यांत एएनसीच्याच सैनिकांनी बंड केलं. त्यांच्या तक्रारी बराच काळ कुणी ऐकल्या नव्हत्या. बंड मोडलं गेलं, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. तिथल्या कोठड्यांत छळ झाल्याचं पुढे चौकशांतून बाहेर आलं. टॅम्बोंच्या चरित्रातली ही काळी बाजू आहे आणि ती गाळून त्यांची गोष्ट पूर्ण होत नाही.

ऑपरेशन वुला: कॅसेटमधलं एन्क्रिप्शन

१९८६ मध्ये टॅम्बो आणि जो स्लोव्हो यांच्या देखरेखीखाली एक गुप्त योजना ठरली. नाव, ऑपरेशन वुला. वरिष्ठ नेत्यांनी चोरून देशात परत जायचं, तिथंच राहायचं आणि लुसाकाशी रोजच्या रोज बोलायचं. हे काम मुख्यतः मॅक महाराज यांच्याकडे आलं. महाराज भारतीय वंशाचे. रॉबेन बेटावर १२ वर्षं काढलेले आणि सुटताना मंडेलांच्या आत्मचरित्राचा मजकूर बाहेर आणलेले. ऑगस्ट १९८८ मध्ये ते आणि सिफिवे न्यान्डा देशात शिरले.

बोलायचं कसं? फोन टॅप होतात, पत्रं उघडली जातात. उत्तर शोधलं लंडनमधल्या टिम जेन्किन यांनी. हे गृहस्थ १९७९ मध्ये प्रिटोरियाच्या तुरुंगातून लाकडाच्या किल्ल्या बनवून पळालेले! त्यांची पद्धत अशी:

१. देशातला कार्यकर्ता छोट्या लॅपटॉपवर निरोप टाइप करतो. प्रोग्रॅम तो एन्क्रिप्ट करतो.

२. मोडेम त्या डेटाचा चिरचिरता आवाज करतो. तो आवाज साध्या कॅसेटवर रेकॉर्ड होतो.

३. कार्यकर्ता सार्वजनिक फोनवर जातो, लंडनचा नंबर लावतो आणि रिसीव्हरला टेप रेकॉर्डर लावून आवाज सोडतो. पलीकडे आन्सरिंग मशीन ते रेकॉर्ड करतं.

४. लंडनमध्ये आवाजाचा पुन्हा डेटा, डेटाचा पुन्हा मजकूर. मग तो तशाच पद्धतीनं लुसाकाला, टॅम्बोंच्या टेबलावर.

५. उत्तर उलट्या मार्गानं. ते मशीनवर ठेवलेलं, कार्यकर्ता बूथवरून फोन करून कॅसेटवर घेतो.

एन्क्रिप्शन कुठलं? वन-टाइम पॅड. कल्पना अगदी सोपी आहे. समजा तुमच्या अक्षराचा क्रमांक ७. तुमच्याकडे आणि माझ्याकडे स्वैर आकड्यांची एकसारखी यादी आहे, त्यातला पहिला आकडा १५. तुम्ही पाठवता २२. मी १५ वजा करते, मिळतात ७. मधल्या माणसाला फक्त २२ दिसतो आणि त्यावरून त्याला काहीच कळू शकत नाही. यादी खरोखर स्वैर असेल, गुप्त राहिली आणि एकदाच वापरली, तर हा संकेत जगातला कुठलाही कॉम्प्युटर फोडू शकत नाही. वुलात वापरून झालेले आकडे लगेच पुसले जायचे.

पण त्या यादीची प्रत दुसऱ्याला द्यायची कशी? ती फोनवरून पाठवली तर सगळंच फुकट. म्हणून ती फ्लॉपी डिस्कवर जायची, आणि त्या डिस्क जोहान्सबर्गला नेऊन द्यायची एका डच विमान कंपनीतली हवाई सुंदरी. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याला ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ अशी ओळ दिसते. तिथं गणिताची पद्धत वेगळी आहे. दोन्ही फोन उघड्या नेटवर्कवरूनच आपसांत किल्ली ठरवतात, डिस्क न्यावी लागत नाही. हवाई सुंदरीचं काम आता गणित करतं, असं समजा.

या मार्गानं शेवटी एक दरवाजा उघडला. मंडेला तेव्हा व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंगात होते आणि सरकारशी एकटे बोलत होते. बाहेर शंका होती, मंडेलांना फसवून काही लिहून तर घेत नाहीत ना? वकिलामार्फत लपवून आत-बाहेर जाणारे कागद वुलाच्या जाळ्याला जोडले गेले आणि मंडेला काय बोलतायत ते टॅम्बोंना थेट कळायला लागलं. एकाच ऑफिसात बसणारे दोन वकील २५ हून जास्त वर्षांनी पुन्हा एकमेकांशी कामाचं बोलत होते. मध्ये एक कॅसेट, एक फोनबूथ आणि एक फ्लॉपी.

आवाज गेला

१९८९ मध्ये वाटाघाटींसाठी एएनसीच्या अटींचा मसुदा घेऊन टॅम्बो आजूबाजूच्या देशांत विमानानं फिरत होते. हाच मसुदा पुढे हरारे जाहीरनामा म्हणून ओळखला गेला. वय ७१, दमा सोबतीला, विश्रांती नाही. ऑगस्टमध्ये लुसाकात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उपचारांसाठी आधी लंडन, मग स्वीडन. जीव वाचला, पण बोलणं अडखळायला लागलं.

पुढे सहा महिनेही झाले नव्हते. २ फेब्रुवारी १९९० रोजी एएनसीवरची बंदी उठली. ११ तारखेला मंडेला सुटले. आता टॅम्बोंचं वाक्य छापता येत होतं, त्यांचा आवाज कुठल्याही स्टेशनवर लावता येत होता, ऐकताना दार बंद करायची गरज नव्हती. आणि नेमकं आता त्यांना धड बोलता येत नव्हतं. मार्चमध्ये मंडेला त्यांना भेटायला स्वीडनला गेले. २८ वर्षांनी समोरासमोर.

१३ डिसेंबर १९९० रोजी टॅम्बो जोहान्सबर्गच्या विमानतळावर उतरले. त्याच विमानतळाला २००६ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. १९९१ च्या अधिवेशनात त्यांनी अध्यक्षपद मंडेलांच्या हाती दिलं. २४ एप्रिल १९९३ रोजी ते गेले. सगळ्यांना मत देता येईल अशी पहिली निवडणूक सुरू झाली त्याला अजून एक वर्ष आणि दोन दिवस होते. त्यांनी आयुष्यात त्या देशात एकदाही मतदान केलं नाही.

आज रात्री करून बघा

घरात आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर असेल आणि त्यावर ‘एसडब्ल्यू’ लिहिलेलं असेल, तर सेल घाला. अंधार पडल्यावर गच्चीवर न्या. मोबाइल चार्जर आणि एलईडी दिव्यांपासून लांब ठेवा, कारण त्यांची खरखर येते. अँटेना पूर्ण काढा आणि काटा ९ ते १० मेगाहर्ट्झच्या मध्ये अगदी हळू फिरवा. मी गेल्या महिन्यात गावी केलं. कुठल्याशा अनोळखी भाषेतला एक आवाज आला, मोठा झाला, बारीक झाला, गेला. पुन्हा शोधायला मला दहा मिनिटं लागली.

ती दहा मिनिटं मला कुणाची भीती नव्हती. कंटाळा आला तर मी आत जाऊन रील बघू शकत होते. तेवढ्यात कळलं की रोज रात्री, दार लावून, तो काटा हळूहळू फिरवायला माणसाला काय लागत असेल. मावशीला मी आता त्या विमानतळाच्या नावाची गोष्ट सांगितली आहे. भाऊ पुढच्या वेळी उतरेल तेव्हा त्याला तिथं टॅम्बोंचा पुतळा शोधून फोटो पाठवायला सांगितलंय.